पेडल नसलेला ब्रेक

पुढच्या गाडीने ब्रेक लावला, हे मागच्या ट्रेलरला कुणी सांगत नाही. तो आपल्याच वेगात पुढे येत राहतो आणि हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, रेटा देतो. हायड्रॉलिक सर्ज ब्रेकची सगळी करामत या रेट्यावर चालते. चालकाच्या पायापासून ट्रेलरच्या चाकापर्यंत ना ऑइलची नळी जाते, ना विजेची तार. ट्रेलर जेवढा ढकलेल तेवढाच त्याचा ब्रेक लागेल, आणि ढकलणं थांबलं की सुटेल. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की रिव्हर्सला चाकं जाम का होतात, लांब उतारावर हब (चाकांचे मधले भाग) का तापतात आणि चढावर थांबल्यावर ट्रेलर काडीचीही मदत का करत नाही, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ट्रेलरच्या दांडीच्या टोकाशी एकात एक सरकणारे दोन पोलादी भाग असतात. बाहेरचा भाग ट्रेलरच्या सांगाड्याला बोल्टने किंवा वेल्डिंगने पक्का केलेला. आतला भाग सरकता. त्याच्या तोंडाशी कपलर, म्हणजे जोडणीची वाटी, असतो आणि तो गाडीच्या हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर बसतो. गाडी मंदावली की बॉलवर बसलेला आतला भाग मागे राहतो, बाहेरचा भाग ट्रेलरच्या वजनासकट त्याच्यावर चढत येतो, आणि दोघांमधला पुशरॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला आत रेटतो. तिथून पुढचं सगळं नेहमीच्या मोटारीसारखंच आहे. दाबलेलं ब्रेक ऑइल नळीतून मागे जातं आणि ड्रम असतील तर व्हील सिलिंडर, डिस्क असतील तर कॅलिपर कामाला लावतं. या संपूर्ण पेटीला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. तिच्यात बहुधा एक छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही असतो. तो नसेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला आतला भाग ठाणकन पुढे-मागे आदळेल आणि ब्रेक लागत-सुटत राहतील. गाडी उचलताना आणि थांबवताना मागून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला, तर पहिला संशय या डॅम्परवर घ्यावा. दुसरा संशय सरकत्या भागाच्या झिजलेल्या बुशांवर किंवा रोलरवर.

थोडा हिशेब मांडू, कारण या ब्रेकचा स्वभाव आकड्यांत फार स्वच्छ दिसतो. ट्रेलर १५०० किलोचा आहे आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने उतरतो आहे, असं धरा. म्हणजे करकचून लावलेला नाही, पण नेटाने लावलेला ब्रेक. ट्रेलरला त्याच दराने मंदावायला एकूण ४५०० न्यूटन बल लागेल. आता यंत्रणा अशी आहे, की हिचवरच्या प्रत्येक १ न्यूटन रेट्यामागे ट्रेलरची चाकं ३ न्यूटन ब्रेक देतात. मग वाटणी होते ती अशी : हिचवर ११२५ न्यूटन, ट्रेलरच्या चाकांवर ३३७५ न्यूटन. हाच ११२५ न्यूटनचा रेटा २५.४ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण ५.०७ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या पिस्टनवर थेट पडला, तर नळीत सुमारे २२ बार दाब तयार होतो. पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) सांगायचं तर ३२०.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली : रेटा कधीच शून्यावर येत नाही. आला तर ब्रेकच सुटेल. उत्तम अवस्थेतला सर्ज ब्रेकसुद्धा गाडीवर थोडा भार टाकतोच. वर मांडलेल्या हिशेबात पाव हिस्सा. ‘ट्रेलर अजिबात जाणवू नये’ ही अपेक्षा इथे चुकीची आहे. पण ब्रेकचे लायनर (घासणारं अस्तर) झिजले, ऑइलमध्ये हवा शिरली आणि तीनास एक हे गुणोत्तर एकास एक झालं, तर तोच भार २२५० न्यूटन होतो. म्हणजे दुप्पट. चालकाला तेव्हा वाटतं की आपल्या गाडीचेच ब्रेक कमजोर झाले, आणि तो गॅरेजमध्ये भलत्याच चाकांचं काम करून घेतो.

दुसरी गोष्ट या ब्रेकच्या बाजूने आहे. तोच ट्रेलर रिकामा करून ६०० किलोचा झाला, तर रेटा ४५० आणि ब्रेक १३५० न्यूटन होतो. कुणी काही फिरवलं नाही, बटण दाबलं नाही. विजेच्या ब्रेकमध्ये ओझं बदललं की कंट्रोलरचा गेन, म्हणजे ब्रेकचा ठरवलेला जोर, बदलावा लागतो. तो विसरला तर रिकाम्या ट्रेलरची चाकं लॉक होऊन घसटतात. इथे ट्रेलर स्वतःच्या वजनाप्रमाणे स्वतःला आवरतो. शिवाय गाडीत कंट्रोलर बसवावा लागत नाही, म्हणून आज या गाडीला आणि उद्या त्या गाडीला जोडायच्या भाड्याच्या ट्रेलरवर हाच ब्रेक सोयीचा पडतो. बोटीच्या ट्रेलरवर तो रुळला त्याचं कारण पाणी. धक्क्यावर ट्रेलर चाकांसकट पाण्यात उतरतो, आणि खाऱ्या पाण्यात विजेच्या ब्रेकचे मॅग्नेट आणि वायरिंग फार दिवस तग धरत नाहीत. हायड्रॉलिक भागही गंजतात, पण नंतर गोड्या पाण्याने नीट धुतले तर टिकतात. एक सावधगिरी मात्र हवी. लांबचा प्रवास करून आलेला तापलेला हब लगेच थंड पाण्यात घालू नये. आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. अर्धा तास थांबलं की काम होतं. न थांबलं तर बिल बेअरिंगच्या रूपाने येतं.

आता रिव्हर्स. या ब्रेकची सगळ्यात मोठी खोडी हीच.

गाडी मागे घेताना ती ट्रेलरला ढकलते, म्हणजे कपलर आत दाबला जातो. अ‍ॅक्च्युएटरला दिशा कळत नाही. आपण दाबले जातोय, एवढंच त्याला कळतं. तो इमानेइतबारे ब्रेक लावतो. सपाट, कडक जमिनीवर हलक्या ट्रेलरला हे फारसं जाणवत नाही. चढावर, मऊ मातीत किंवा भरलेल्या ट्रेलरला मागे घेताना मात्र गाडी जागेवर गुरगुरत राहते. जुन्या ट्रेलरवर यावर साधा इलाज असायचा. चालकाने खाली उतरायचं आणि सरकत्या भागाच्या खाचेत पिन घालायची, म्हणजे तो आत जाणारच नाही. इलाज चालतो, पण काम झाल्यावर पिन काढायची राहिली तर पुढचा सगळा प्रवास ट्रेलरला ब्रेकच नाही. चालकाच्या आठवणीवर विसंबलेली सोय मला धोक्याचीच वाटते.

ड्रम ब्रेकमध्ये याचं उत्तर चाकातच सापडलं. याला फ्री-बॅकिंग ड्रम म्हणतात. पुढे जाताना फिरणारा ड्रम ब्रेक शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू आणखी घट्ट बसतो. थोड्या दाबात जास्त ब्रेक मिळतो. शूची मांडणी अशी केलेली असते की ड्रम उलटा फिरला की हीच ओढ शूला सैल करते आणि पकड जवळपास जाते. त्यामुळे हे ब्रेक डावे-उजवे असतात. डाव्या चाकाचा संच उजवीकडे बसवला तर तो पुढे जाताना कामच करणार नाही आणि रिव्हर्सला मात्र धरून ठेवेल. नवे बॅकिंग प्लेट (शू ज्यावर बसतात ती मागची तबकडी) घाईघाईत बसवताना ही चूक होते, आणि बाहेरून बघून ती ओळखू येत नाही.

डिस्कला असं करता येत नाही. पॅडला दोन्ही दिशा सारख्याच. म्हणून नळीत एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बसवतात. त्याला गाडीच्या रिव्हर्सच्या दिव्याची १२ व्होल्टची तार जोडलेली असते. गिअर रिव्हर्सला पडला की व्हॉल्व्ह ऑइलची वाट बंद करतो. कपलर दाबला गेला तरी दाब कॅलिपरपर्यंत पोचत नाही. यासाठी ट्रेलरचा प्लग चार पिनांचा असून चालत नाही, पाचवी पिन लागते. बोटीचा डिस्क ब्रेकवाला ट्रेलर चार पिनांच्या सॉकेटला जोडला, दिवे सगळे व्यवस्थित पेटले, आणि धक्क्यावर मागे घेताना चाकं जाम झाली, तर दोष बहुतेक वेळा त्या न जोडलेल्या पाचव्या तारेचा असतो. तपासायला सोपं आहे : इग्निशन चालू, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. एकाने रिव्हर्स टाकायचा, दुसऱ्याने व्हॉल्व्हजवळ कान द्यायचा. ‘टिक्’ ऐकू आली पाहिजे.

इथे आणखी एक बारकावा आहे. उतारावर ब्रेक लावून थांबलो, कपलर दाबलेलाच आहे, नळीत दाब आहे, आणि तशात रिव्हर्स टाकला, तर काही व्हॉल्व्हमध्ये तो दाब कॅलिपरच्या बाजूलाच कोंडला जातो. मग व्हॉल्व्ह ठणठणीत असूनही चाकं सुटत नाहीत. गाडी वीतभर पुढे घ्यावी, कपलर ताणला जाऊन दाब उतरू द्यावा आणि मगच रिव्हर्स टाकावा.

ड्रमचा आणि डिस्कचा अ‍ॅक्च्युएटर दिसायला सारखाच, म्हणून अदलाबदलीचा मोह होतो. करू नये. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो नळीत साधारण १० पीएसआय दाब कायम राखतो, त्यामुळे शू ड्रमच्या जवळ राहतात आणि व्हील सिलिंडरच्या सीलमधून हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये शूला मागे खेचणाऱ्या मजबूत स्प्रिंगा असतात, त्या एवढ्या दाबाला जुमानत नाहीत. कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. तोच १० पीएसआय दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो. शे-दीडशे किलोमीटरमध्ये वास यायला लागतो. उलट बाजूने, डिस्कला पूर्ण ताकदीसाठी ड्रमपेक्षा बराच जास्त दाब लागतो. चालकाच्या हुकमाने पंप चालवणारे जे इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक संच मिळतात, ते ड्रमसाठी १००० आणि डिस्कसाठी १६०० पीएसआयचे असतात, त्यावरून फरकाचा अंदाज यावा. ड्रमचा अ‍ॅक्च्युएटर डिस्कला जोडला तर घासणारे आणि तरीही धड न थांबवणारे ब्रेक मिळतात. दोन्ही दोष एकदम.

ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट ही बाब लोक सर्वांत कमी लेखतात. मास्टर सिलिंडरचा पिस्टन काही सेंटिमीटरच सरकू शकतो; तेवढ्यातच सगळ्या चाकांचे शू ड्रमला टेकून वर दाब तयार व्हायचा असतो. शू आणि ड्रममध्ये फट वाढली की पिस्टनचा निम्मा प्रवास ती फट भरण्यातच संपतो. उपाय जुनाच आहे. चाक जॅकवर उचला, बॅकिंग प्लेटच्या मागच्या खिडकीतून स्टार व्हील (शू आत-बाहेर करणारं दातेरी चाक) फिरवा, चाक हाताने फिरवणं फार जड जाईपर्यंत शू बाहेर आणा, मग स्टार व्हील उलटं फिरवत चाक मोकळं करा. साधारण दहाएक दात. अगदी हलकी घासट ऐकू आली तर चालेल. चाक नेहमी पुढच्या दिशेनेच फिरवायचं, कारण फ्री-बॅकिंग ड्रम उलटा फिरवून काहीच कळत नाही. नवे शू बसवल्यावर पहिल्या सव्वातीनशे किलोमीटरनंतर एकदा आणि पुढे दर पाच हजार किलोमीटरला हे काम करावं. गरज आहे की नाही, हे खडूनेही कळतं. आतल्या भागावर, बाहेरच्या पेटीच्या कडेला लागून, रेघ मारा आणि दोन-चार वेळा चांगला ब्रेक लावून थांबा. सरकण्याचा माग २५ मिलिमीटरपेक्षा बराच जास्त दिसला, तर फट वाढली आहे किंवा नळीत हवा आहे.

हवा काढण्याची पद्धत मोटारीसारखीच, फक्त दाबायला पेडल नाही. मास्टर सिलिंडरचा पुशरॉड स्क्रूड्रायव्हर किंवा पहारीने हळूहळू ढकलावा लागतो. बऱ्याच अ‍ॅक्च्युएटरमध्ये त्यासाठी खाच ठेवलेली असते. अ‍ॅक्च्युएटरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करायची. ब्लीडर निपलवर (चाकापाशी हवा सोडायच्या तोटीवर) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच पुशरॉड सोडा. निपल बंद करण्याआधी रॉड सोडला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मधेमधे टाकीकडे लक्ष; ती अर्ध्याखाली गेली तर केलेलं काम वाया जायची भीती. कॅलिपर बसवताना ब्लीडर वरच्या बाजूलाच यायला हवा. तो खाली आला तर कितीही बाटल्या ओता, वर अडकलेला बुडबुडा हलणार नाही.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ घ्यावं; सिलिकॉनचं डॉट ५ नको. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओलावलेल्या ऑइलची किमान पातळी १४० अंश सेल्सियस आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. वर्षातले दहा महिने उभ्या असणाऱ्या ट्रेलरमध्ये ऑइल वापराने खराब होत नाही, उभं राहून होतं. दोन वर्षांत एकदा बदलावं.

उकळण्याची ही काळजी कशाला, ते उतारावर कळतं. ६ टक्के उतारावर १५०० किलोचा ट्रेलर सुमारे ८८० न्यूटनने खाली ओढला जातो. टायरच्या घर्षणाचे दीडेकशे वजा करा, ७३० उरतात. गाडी इंजिन ब्रेकवर ५० किलोमीटरच्या वेगाने उतरते आहे. चालकाचा पाय पेडलवर नाही. पण ट्रेलर ढकलतोय, म्हणून त्याचा ब्रेक लागलेलाच आहे. सरकत्या भागाचं सुरुवातीचं घर्षण बाजूला ठेवलं, तर आधीच्या वाटणीप्रमाणे चाकांवर ५५० न्यूटन, आणि त्या वेगाला सुमारे साडेसात किलोवॅट उष्णता. दीड-दीड किलोवॅटचे पाच हीटर चाकांत सतत चालू, असं समजा. घाट उतरताना इंजिन ब्रेक वापरावा हा सल्ला गाडीपुरता योग्यच आहे, पण सर्ज ब्रेकच्या ट्रेलरला त्याने विश्रांती मिळत नाही. ती द्यायची तर नेटाचा ब्रेक लावून वेग उतरवायचा, मग पाय काढून गाडीला किंचित पुढे ओढू द्यायची, म्हणजे कपलर ताणला जाऊन ब्रेक पूर्ण सुटतात आणि ड्रमला वारा मिळतो. परत वेग वाढला की पुन्हा तसंच.

चढावर नेमकं उलटं. गाडीचं तोंड चढाकडे करून थांबलं की ट्रेलर मागे ओढतो, कपलर ताणलेला, ब्रेक सुटलेले. सगळं वजन गाडीच्या हँडब्रेकवर. तसंच ट्रेलर वेगात डुलायला लागला तर विजेच्या ब्रेकमध्ये फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून त्याला सरळ ओढता येतं. इथे तशी मुभा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. त्यापेक्षा आधीच ओझं नीट मांडावं. बैलगाडीवाले मागे भार गेलेल्या गाडीला उलार म्हणतात. ट्रेलर उलार झाला की डुलणारच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा आणि दांडी जमिनीला समांतर असावी. तिरक्या दांडीत सरकता भाग अडकून चालतो, आणि मग वरचे सगळे हिशेब बिघडतात.

‘चालकाच्या ताब्यात नसलेला ब्रेक’ ही गोष्ट कायद्यालाही खुपली होती. अमेरिकेत व्यावसायिक वाहनांच्या नियमांना एकाच झडपेने सगळे ब्रेक लागणं अपेक्षित होतं. सर्ज ब्रेक त्यात बसत नव्हता. २००७ मध्ये नियम बदलून त्याला वजनाच्या प्रमाणात परवानगी मिळाली : ट्रेलर १२,००० पौंडांपर्यंतचा असेल तर ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या १.७५ पटीपर्यंत, आणि त्यापुढे २०,००० पौंडांपर्यंत १.२५ पट. हे सगळे आकडे कमाल अनुज्ञेय वजनाचे. युरोपात याच तत्त्वाचा ब्रेक ३५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरवर सर्रास दिसतो, मात्र ऑइलऐवजी रॉड आणि केबलचा, आणि त्याला हँडब्रेकही असतो.

ट्रेलर निसटला तर रेटा देणारं कुणी उरत नाही, म्हणून ब्रेकअवे केबल. ती गाडीला जोडलेली असते. ताणली गेली की एक लिव्हर पुशरॉड दाबून तिथेच अडकते. केबल सेफ्टी चेनला किंवा बॉलला अडकवू नये, गाडीच्या पक्क्या भागाला स्वतंत्र लावावी. पूर्ण वळणात ताणली जाणार नाही इतकी ढिली, पण जमिनीला घासणार नाही इतकीच. नाहीतर एखाद्या अरुंद वळणात ती लिव्हर एक खाच ओढते, चालकाला काही कळत नाही, आणि वीस किलोमीटरवर मागून धूर दिसतो. ब्रेक घासत असल्याची तक्रार आली की पहिल्यांदा ही लिव्हर बघावी. सोडवायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. ती जागेवर असेल तर चाकाचा ब्लीडर किंचित उघडा. ऑइल जोराने उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब वरून उतरत नाहीये : गंजलेला सरकता भाग, मास्टर सिलिंडरचं बुजलेलं परतीचं छिद्र, आतून फुगलेला होज. काहीच उडालं नाही तरी चाक घट्टच, तर दोष चाकात, म्हणजे जाम कॅलिपर पिन किंवा तुटलेली स्प्रिंग.

हीच लिव्हर वर्षातून एकदा तपासणीलाही कामी येते. चाक उचला, लिव्हर हाताने ओढा, चाक पुढच्या दिशेने फिरवून पाहा. हलता कामा नये. मागच्या दिशेने फ्री-बॅकिंग ड्रम फिरेल, तो बिघाड नव्हे. मात्र त्याचाच अर्थ असा, की चढावर निसटलेला ट्रेलर मागे घरंगळू लागला तर हे ड्रम त्याला धरतीलच असं नाही. कपलर उचलण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे ते म्हणूनच, आणि उताराकडच्या बाजूचे आधी.